पडद्याआडचं ताट

पादांगच्या बाजारात मासळीच्या गाळ्यांना वळसा घालून पुढे गेलं, की युस्निदारचा वाटलेल्या मसाल्यांचा ठेला लागायचा. मोठमोठ्या पराती आणि एकेकीत ढीग करून रचलेला ओला मसाला. लाल मिरची, हळद, आलं, आल्याच्याच जातीचं कुलिंजन, लसूण, बारके कांदे. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की युस्निदार भाव सांगत नसे. आधी विचारायची, "काय शिजवणार? आणि जेवणारी तोंडं किती?"

उत्तर ऐकून तिचा हात परातींवरून फिरायचा. याच्यातलं चमचाभर, त्याच्यातलं बोटभर, वर हळदीचं पान, गवती चहाची काडी, आमसुलासारखी काळी आंबट फोड, आणि पुडी तयार. ओढाताणीच्या घरातल्या बाया तिच्याकडे मुद्दाम यायच्या. मांस मूठभर आणि माणसं घरभर असली तर काय करायचं, ते ती सांगायची. "मसाला दुपटीने घे. बटाटे घाल. नारळाचं दूध पातळच घाल, पण आटव सावकाश. पोरांना वाटलं पाहिजे, पातेलंभर मांस आहे." बाया हसायच्या आणि पुडी घेऊन जायच्या.

घरीही ती तेच करायची. नवरा बुस्तामी मालट्रक चालवायचा. डोंगर ओलांडून जांबीपर्यंत जायचा आणि चार-पाच दिवसांनी परतायचा. तो आला की घरात वजडी शिजायची, फुप्फुसाचे तुकडे कुरकुरीत तळले जायचे, कोंबडीचे पाय तिखटजाळ रश्श्यात पडायचे. महाग काहीच नसायचं, पण बुस्तामी मात्र बोटं चाटत म्हणायचा, "युस, जांबीच्या खानावळीत याचे दुप्पट पैसे घेतात आणि चव याच्या निम्मी."

तो मूळचा पारियामानचा. तिकडच्या रिवाजाप्रमाणे युस्निदारच्या माहेरच्यांनी मान देऊन, पैसे मोजून त्याला जावई करून आणलं होतं. तिच्या घरी, तिच्या आईच्या मागे राहिलेल्या फळ्यांच्या घरात, तो राहायला आला आणि तिथलाच झाला. थोरली योला चौदा वर्षांची, धाकटी चिची आठाची.

एका सकाळी गोदामात ट्रकवर ताडपत्री बांधता बांधता बुस्तामी खाली बसला, तो उठलाच नाही. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी युस्निदारला बजावून सांगितलं. मीठ बंद. नारळाचं दूध बंद. वजडी, कातडी, चरबी सगळं बंद. मासे चालतील म्हणाल्या, पण पहिल्याच आठवड्यात अर्ध्या बधिर तोंडातून काटा घशात गेला आणि बुस्तामी निळा पडला. त्यानंतर मासे आणायचं तिचं धाडसच होईना. अंडी बघितली की तो मान फिरवायचा. उरलं ते बिनचरबीचं मांस, थोडंसं, मऊ शिजवून. म्हणजे बाजारात जे सगळ्यात महाग तेच.

ट्रकमालकाने महिनाभर काही धाडलं, मग दुसरा ड्रायव्हर ठेवला. त्याच पावसाळ्यात मिरची कडाडली. लोक पुड्या लहान मागायला लागले, मग येईनासेच झाले. संध्याकाळी युस्निदार न खपलेला मसाला घरी आणायची. घर मसाल्याने घमघमायचं आणि शिजवायला घरात काही नसायचं. मांसवाला बुयुंग तिच्यासाठी मांडीचा लाल तुकडा बाजूला ठेवायचा. तळहातावर मावेल एवढाच. तो बुस्तामीचा. पोरींना आणि तिला कोंबडीचे पाय, नाही तर फुप्फुस, नाही तर नुसता रस्सा आणि भात.

पण बुस्तामी खाईना.

पहिली अडचण हाताची. उजवा हात मांडीवर लाकडासारखा पडलेला, आणि डाव्या हाताने जेवायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं. भरवायला गेलं तर ओठ घट्ट मिटायचा. शेवटी त्यानेच अडखळत सांगितलं, "पडदा लाव. पोरींनी बघायला नको." युस्निदारने खाटेपुढे जुनं लुगडं बांधलं. संध्याकाळची नमाज झाली की चिची ताट आत घेऊन जायची, कारण बापाचं जडावलेलं बोलणं सगळ्यात आधी तिलाच कळायला लागलं होतं. मग तो पडद्याआड एकटा डाव्या हाताने जेवायचा.

दुसरी अडचण चवीची. ताट परत यायचं तेव्हा मांस तसंच असायचं, एखादा तुकडा चावून बाजूला ठेवलेला.

"अजो, दोन घास तरी खा," ती पडद्याबाहेरून नवऱ्याला म्हणायची.

"कापूस आहे," आतून आवाज यायचा.

युस्निदार रडकुंडीला यायची. जन्मभर दुसऱ्यांच्या पातेल्यांना चव लावली आणि आता आपल्याच माणसाच्या घशाखाली काही उतरवता येईना. बाजारातल्या वाटलेल्या मिरचीत टिकण्यासाठी मीठ असतंच, म्हणून ती पहाटे वाटण यंत्रातून निघाल्यावर मीठ पडायच्या आत वाटीभर काढून ठेवायला लागली. मग तिचे प्रयोग सुरू झाले. एकदा काळ्या आंबट फोडी घालून पातळ रस्सा केला. एकदा धने-मिरी कोरडी भाजून, कुटून, मांसाला चोळून निखाऱ्यावर धरलं. एकदा कुलिंजन आणि लिंबाची पानं घालून केळीच्या पानात गुंडाळून वाफवलं. मिठाची उणीव आंबटाने भरून काढावी, नाही तर धुराने, नाही तर सुगंधाने. पोरी चुलीभोवती बसून वास घ्यायच्या आणि आपल्या ताटातले कोंबडीचे पाय चोखायच्या. योला एकदा आईला म्हणाली, "अमाक, अपांना नकोच आहे तर आम्हाला दे ना." युस्निदारने तिच्याकडे असं पाहिलं की पोरगी उठून भांडी घासायला गेली.

अशातच तिचा थोरला भाऊ आला. जालिनूस त्याचं नाव, पेकानबारूला कापडाचा धंदा. बहिणीच्या घरात मामाच्या शब्दाला वजन, ही तिथली रीत, आणि जालिनूस ते वजन सांभाळून असायचा. त्याने पोरींना बिस्किटं दिली, पडद्याआड जाऊन मेहुण्याचा खांदा थोपटला आणि मग युस्निदारला घेऊन स्वयंपाकघरात बसला.

"तू स्वतःकडे आरशात बघितलंस का?" तो म्हणाला. "हाडं दिसायला लागलीत."

"आरसा बघायला वेळ कुठे आहे, उदा?" ती थोरल्या भावाला म्हणाली.

"हे बघ, मी वाईट बोलत नाही. त्याच्या बहिणी आहेत पारियामानला. आजारी माणूस शेवटी आपल्या माणसांत जातो. आजवर असंच होत आलंय. त्यात लाजण्यासारखं काय?"

"पैसे मोजून आणला होता आपण त्याला, विसरलास?"

"आणला होता तेव्हा चालत आला होता," जालिनूस म्हणाला. मग त्याचं त्यालाच जरा लागलं असावं. आवाज खाली आणून म्हणाला, "तुझ्या दोन पोरी आहेत, युस. मांस कुणाच्या ताटात पडतंय ते मी बघितलं आत्ता. वाढत्या वयाची ती पोर नखं चोखतीये कोंबडीची."

युस्निदारने चुलीतलं लाकूड आत सारलं. त्या दिवशी ठेल्यावर दुपारपर्यंत बोहणी झाली नव्हती. पाठ दुखत होती. आदल्या रात्री बुस्तामीचं अंथरूण दोनदा बदललं होतं. ती नाही म्हणाली नाही. ती म्हणाली, "विचार करते."

दुसऱ्या दिवशी तिने जिरं जरा सढळ हाताने घातलं आणि हळदीच्या पानात मांस मंद शिजवलं. चिची ताट बाहेर घेऊन आली तेव्हा ते स्वच्छ होतं. रश्श्याचा थेंब नाही, तुकड्याचा तंतू नाही.

"सगळं खाल्लं?"

"सगळं," चिची म्हणाली आणि ताट धुवायला घेऊन गेली.

युस्निदारने चुलीपाशी बसून डोळ्यांना पदर लावला. जमलं एकदाचं, तिला वाटलं. त्यानंतर रोज ताट स्वच्छ यायला लागलं. कधी आंबट, कधी धुरकट, कधी सुगंधी, काहीही केलं तरी फस्त. ठेल्यावर शेजारच्या नारळवाल्या बाईला ती सांगायची, "माझा माणूस आता बिनमिठाचंही मागून खातो. माझ्या हाताला अजून गुण आहे म्हणायचा." भावाला तिने उत्तर धाडलं नाही. पेकानबारूहून फोन आला की म्हणायची, "आता खातोय. बघू."

पण बुस्तामी वाळत चालला. लुंगीची गाठ रोज घट्ट करावी लागायची. पाठीचे मणके अंघोळ घालताना बोटांना टोचायचे. आरोग्य केंद्रातली परिचारिका घरी येऊन गेली. तिने दंडाला हात लावला आणि विचारलं, "जेवतात का हे?"

"ताट चाटूनपुसून," युस्निदार अभिमानाने म्हणाली.

परिचारिकेने बुस्तामीकडे पाहिलं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

युस्निदार घाबरली. आजार आतून खातोय, असं तिला वाटायला लागलं. तिने बुयुंगकडून तुकडा जरा मोठा घ्यायला सुरुवात केली आणि स्वतः रात्री नुसता भात पाण्यात कालवून खाऊ लागली. योलाच्या ताटातले कोंबडीचे पायही आता एकाआड एक दिवस यायचे. तरी बुस्तामीचे गाल आतच चालले होते.

गोष्ट उघडी पडली ती ठेल्यावर. चिची शाळेतून येऊन परातींच्या मागे पोत्यावर बसली होती. एक म्हातारी आली. तिच्या नवऱ्यालाही मीठ बंद झालं होतं.

"उनी, बिनमिठाचं, बिननारळाचं काहीतरी सांग बाई. तो माणूस माझ्या अंगावर ताट फेकतो," ती युस्निदारला म्हणाली.

"सांगते की. कुलिंजन जास्त, लिंबाची पानं मूठभर..."

"मूठभर नको," मागून चिची म्हणाली. "कडू लागतं. परवाचं कडू झालं होतं. जिऱ्याचं केलं होतंस ना, ते छान होतं."

युस्निदारचा हात हळदीच्या परातीतच राहिला.

"तू कधी खाल्लंस?"

चिचीने पोत्याचा धागा ओढायला सुरुवात केली. मग म्हणाली, "अपांनी सांगितलंय, सांगायचं नाही."

"रोज?"

"मी नको म्हटलं होतं. ते म्हणतात, तू खाल्लं नाहीस तर मी पाणीपण पिणार नाही."

"आणि भात?"

"थोडा भात खातात."

म्हातारी म्हणाली, "माझी पुडी?" युस्निदारने पुडी बांधली. काय काय घातलं तिचं तिलाच कळलं नाही. नारळवालीला ठेल्याकडे लक्ष द्यायला सांगून ती भर दुपारी घराकडे निघाली. चिची मागून धावत होती आणि म्हणत होती, "अमाक, त्यांना रागावू नकोस. अमाक, मी परत नाही खाणार." युस्निदार वळली. तिने पोरीला दोन्ही खांद्यांना धरलं आणि मग तिला शेजारणीकडे सोडून पुढे गेली.

बुस्तामी जागा होता. ती खाटेच्या कडेला बसली.

"माझं काय चुकलं ते सांगा," ती म्हणाली. "अन्नात चूक होती की माझ्यात?"

त्याने तिच्या हळदीने माखलेल्या हाताकडे पाहिलं आणि त्याला कळलं, चिची बोलली असणार. त्याची जीभ जड होती, एकेक शब्द ओढून आणावा लागायचा, पण त्या दुपारी त्याने सावकाश सगळं सांगितलं.

"अन्न चांगलं होतं. वास यायचा मला. फार चांगला यायचा."

"मग?"

"तुझा भाऊ आला होता ना." "फळीची भिंत आहे, युस. माझी एक बाजू गेलीय. कान दोन्ही शाबूत आहेत."

युस्निदारने स्वयंपाकघराच्या फळ्यांकडे पाहिलं.

"तू म्हणालीस, विचार करते," बुस्तामी म्हणाला. "म्हटलं, तुझा विचार जरा सोपा करावा. पारियामानला बहिणींच्या दारात जाऊन पडण्यापेक्षा हे बरं. आणि चिची तरी वाढेल."

"पोरीच्या हातून उपाशी मरणार होतात तुम्ही? जन्मभर तिने ते घेऊन फिरायचं?"

त्याचा चेहरा एका बाजूने कोसळला, दुसरी बाजू हललीच नाही.

युस्निदारला खोटं बोलता आलं असतं. तुम्ही नीट ऐकलं नाहीत, मी तसं म्हटलंच नव्हतं, असं काहीतरी. पण ती म्हणाली, "हो. म्हटलं होतं मी. त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं, कुणीतरी यावं आणि तुम्हाला घेऊन जावं. घटकाभर का होईना, वाटलं होतं." मग तिचा आवाज चढला. "आणि दुसऱ्या दिवसापासून मी रिकामं ताट बघून गाढवासारखी खूश होत बसले. बाजारभर सांगत फिरले, माझा माणूस जेवतो म्हणून."

तिने उठून पडद्याची दोरी ओढून तोडली.

त्या संध्याकाळी तिने जमिनीवर चटई अंथरली, बुस्तामीला भिंतीला टेकवून बसवलं आणि एकच मोठं ताट मध्ये ठेवलं. मांस, भात, भाजी सगळं एकत्र, सगळ्यांना बिनमिठाचं. "जो तो आपल्या समोरचं खाईल," ती म्हणाली. "कुणी कुणाला काही द्यायचं नाही."

ते जेवण काही धड झालं नाही. बुस्तामीने डावा हात पुढे केला, घास तोंडाशी नेला आणि निम्मा हनुवटीवरून छातीवर सांडला. योला उठून मागच्या दारी गेली आणि तिथे तिला हुंदका आवरेना. चिची भीतीने एक दाणाही तोंडात घालीना, म्हणजे बाप परत तिच्यासाठी काही सोडेल की काय या धास्तीने. बुस्तामीने हात मागे घेतला. युस्निदार एकटीच चावत बसली. बेचव नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चटई अंथरली. तिसऱ्या दिवशीही. योला हळूहळू बसायला लागली, मान खाली घालून. बुस्तामी खायला लागला, पण उशीर झाला होता. हाडांवर काही चढायच्या आतच त्याला ताप भरला, छाती घरघरायला लागली आणि त्याला पुन्हा इस्पितळात न्यावं लागलं.

तिथे एका दुपारी बुस्तामीची थोरली बहीण रोस्नी पारियामानहून गाडी घेऊन आली. जालिनूसने फोन केला होता, युस्निदारला न विचारता. तोही आला होता. दोघं खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बोलायला लागले.

"नेताना वाजतगाजत नेलात," रोस्नी म्हणाली. "आणि आता भाऊ परत देताय तो असा? काय घालत होतात खायला?"

"जे आमच्या पोरींना मिळालं नाही ते," जालिनूस म्हणाला.

"दिसतंय ते अंगावर."

"बाई, तुम्ही आलात कधी या वर्षात? आता गाडी घेऊन आलात ते बरं झालं. घेऊन जा."

"घेऊनच जाणार आहे. माझ्या घरी पडद्याआड नाही ठेवणार त्याला."

युस्निदार उशाशी उभी होती. हा रोस्नीचा टोमणा तिला नेमका बसला आणि तो खोटा नव्हता. तिला वाटलं, जाऊ द्यावं. खरंच जाऊ द्यावं. मग तिने खाली पाहिलं तर बुस्तामी डोळे मिटून पडला होता, आणि झोपलेला नव्हता. तो ऐकत होता.

"कुणी नेणार नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "उदा, हे माझं घर आहे आणि तो माझ्या घरचा आहे. तू मामा आहेस, तुझा मान आहे. पण हे मी ठरवणार."

"आणि खर्च?" जालिनूस म्हणाला. "परातीतली हळद खाऊन जगणार?"

"आजवर काय खाऊन जगलो?"

रोस्नी भावाकडे वळली. "तू बोल. येतोस ना?"

बुस्तामीने डोळे उघडले. त्याला श्वास पुरत नव्हता. "ताई," तो म्हणाला, "हिच्या हातचं जेवण कापसासारखं आहे. पण सवय झालीय."

रोस्नीने त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. मग त्याच्या कपाळाला हात लावून, युस्निदारकडे न बघता, निघून गेली. जालिनूस त्यानंतर वर्षभर त्या घरात पाऊल टाकणार नव्हता आणि फोनही करणार नव्हता.

बुस्तामी घरी आला. तो सुधारला असं म्हणता येणार नाही. चटईवर बसायचा, डाव्या हाताने सांडत सांडत जेवायचा, आणि योला न बोलता त्याच्यापुढचा भात गोळा करायची. मिरची उतरली, तेव्हा ठेल्यावर थोडी वर्दळ परत आली, पण मांसाचा तुकडा तेवढाच राहिला. आता तो चौघांत वाटला जायचा, बोटाएवढा प्रत्येकी. युस्निदार त्याला मसाला लावताना अजून जिवाचा आटापिटा करायची. चिचीने मात्र मांस खाणं सोडलं ते सोडलंच. कितीही सांगितलं तरी ती आपला तुकडा ताटाच्या कडेला सारून ठेवायची, आणि तो तिथेच वाळायचा.

पुढच्या पावसाळ्यात बुस्तामी गेला. त्याला पारियामानला त्याच्या माणसांत पुरलं, रीत तशीच होती. रोस्नीने युस्निदारला धरून रडू दिलं. स्वतःही रडली.

त्या वर्षभरात बुस्तामीने 'विचार करते' हे शब्द पुन्हा कधी तोंडातून काढले नाहीत. युस्निदार वाट बघायची. त्याने एकदा तरी टोमणा मारावा, भांडावं, म्हणजे तिला भांडून मोकळं होता येईल, असं तिला फार वाटायचं. अंघोळ घालताना, शेवटी शेवटी घास भरवताना, ती मुद्दाम जरा थांबायची. तो नुसता तिच्याकडे बघायचा आणि तोंड उघडायचा. त्याने माफ केलं होतं की फक्त दमला होता, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.